टक्केवारीचा निकाल आणि घरची साक्ष

परीक्षेच्या गुणांचा हिशेब आपल्या घरांतून जितक्या बारकाईनें होतो, तितका दुसऱ्या कोणत्याहि आंकड्याचा होत नसेल. मुलाला एका विषयांत दोन गुण कमी पडले, तर उत्तरपत्रिका फिरून तपासण्याविषयींचा अर्ज त्याच आठवड्यांत जातो. त्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं, आणि परीक्षकाचा तो अपमान आहे असेंहि कोणी मानीत नाहीं. परंतु त्याच घरांतील पक्षाघातानें एक बाजू लुळी पडलेले काका, किंवा लहानपणापासून कमी ऐकूं येणारी भाची, रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून ‘३५ टक्के’ असा दाखला घेऊन परत आलीं, म्हणजे तो कागद मुकाट्यानें कपाटांत जातो. चाळीस टक्के भरले असते तर बऱ्याच सवलती मिळाल्या असत्या, एवढें म्हणून विषय संपतो. डॉक्टरांनीं लिहिलें तें लिहिलें. त्यावर आपण काय बोलावयाचें?

बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि बोलण्याचा अधिकार कायद्यानेंच दिलेला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला राज्य सरकारनें नेमलेल्या अपील-अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते, अशी सरळ तरतूद त्याच्या ५९ व्या कलमांत आहे. म्हणजे पहिला निकाल चुकूं शकतो, हें कायदा करणारांनीं आधींच गृहीत धरलें आहे. मात्र या अपिलाचें यश वकिलाच्या वक्तृत्वापेक्षां घरच्या माणसांच्या साक्षीवर अधिक अवलंबून असतें. आणि आपल्या एकत्र कुटुंबांत नेमकी हीच साक्ष दुबळी पडते. ती कां दुबळी पडते व ती कशी द्यावी, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आंकडा आला कोठून?

मनुष्याच्या व्यंगाला टक्क्यांनीं मोजण्याची चाल आपल्याकडे कारखान्यांतून आली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें होतें. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, दोन्ही हात गेले तर १०० टक्के, असा त्यांत अवयवांचा भाव ठरवून दिलेला होता. तो कायदा पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला. मालकानें मजुराला किती रुपये द्यावे, हें लौकर ठरावें, एवढाच या कोष्टकाचा उद्देश होता.

कोष्टक सोयीचें असलें तरी माणसांचें जीवन कोष्टकांत बसत नाहीं, हेंहि न्यायालयांना लौकरच दिसून आलें. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचें म्हणणें असें कीं, हें अपंगत्व अंशतः आहे, तेव्हां भरपाईहि अंशतःच द्यावी. सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं हें म्हणणें फेटाळलें. सुतारकाम एका हातानें होत नाहीं, म्हणून या मनुष्याची कमाईची शक्ति संपूर्ण गेली, असा निर्णय त्यानें कायम केला. तोच हात एखाद्या कारकुनाचा गेला असता तर हिशेब निराळा झाला असता. अवयवाची हानि आणि आयुष्याची हानि या दोन वस्तु भिन्न आहेत, हा विचार या विषयाचा पाया आहे.

आज काय मोजलें जातें?

१९९५ च्या कायद्यांत दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यांत ते एकवीस झाले. पुष्कळ घरांना ही गोष्ट अद्याप ठाऊक नसते. कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसीमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मुलांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता यांचा या यादींत आतां समावेश आहे. आजोबांचा कंपवात म्हणजे ‘वय झालें’ असें म्हणून सोडून देण्याची गोष्ट राहिलेली नाहीं. उलट मधुमेह, हृदयविकार किंवा कर्करोग हे रोग कितीहि कष्टप्रद असले तरी यादींत नाहींत; त्यांपासून एखादें व्यंग उत्पन्न झालें, उदाहरणार्थ पाय कापावा लागला, तर त्या व्यंगाचें मोजमाप होतें.

या मोजमापांत ४० टक्के हा उंबरठा आहे. तो ओलांडला म्हणजे उच्च शिक्षणांतील ५ टक्के राखीव जागा, सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव पदें यांचें दार उघडतें. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीनें कर भरणाऱ्या गृहस्थास ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के झाले तर ती १,२५,००० रुपयांची होते. यावरून ३९ आणि ४० यांमधील एका टक्क्याचें मोल किती आहे, हें ध्यानांत यावें.

मोजण्याची रीत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेली आहे. तीं २०१८ सालीं प्रसिद्ध झालीं व २०२४ सालीं सुधारलीं गेलीं. त्यांतील एक हिशेब प्रत्येक कुटुंबानें समजून घ्यावा. एकाच व्यक्तीला दोन व्यंगें असतील तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहींत. मोठा आंकडा जसाचा तसा घ्यावयाचा. नव्वदांतून तो वजा करावयाचा. जी बाकी राहील तिला लहान आंकड्यानें गुणून नव्वदानें भागावयाचें. आणि आलेली संख्या मोठ्या आंकड्यांत मिळवावयाची. समजा, एखाद्या आजीबाईंचें ऐकण्याचें व्यंग ३० टक्के व दृष्टीचें २० टक्के आहे. दोन्ही निरनिराळीं पाहिलीं तर चाळिसाच्या आंतच राहतात. परंतु एकत्रित हिशेब केला तर ते ४३ टक्के होतात. कानाच्या डॉक्टरांनीं कान पाहिला, डोळ्यांच्या डॉक्टरांनीं डोळा पाहिला, आणि दोन्ही कागद एकत्र कोणीच पाहिले नाहींत, असें घडलें तर आजीबाई उंबरठ्याबाहेरच राहतात. येथें वैद्यकशास्त्राचा वाद नसून केवळ अंकगणिताची मागणी आहे. ती निःसंकोच करावी.

यंत्राचें उत्तर आणि माणसाचें उत्तर

निकालाला आव्हान देण्यापूर्वीं तो निकाल कशावरून काढला गेला, हें पाहिलें पाहिजे. श्रवणशक्ति यंत्रानें मोजतात. दृष्टि तक्त्यावरून व क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावरून ठरते. अशा ठिकाणीं घरच्यांचा आग्रह फारसा उपयोगी पडत नाहीं. दुसऱ्या सरकारी रुग्णालयांत केलेली नवी तपासणी हेंच तेथें खरें उत्तर होय. एका डोळ्याची दृष्टि पूर्ण गेली व दुसरा डोळा निर्दोष असला तर तत्त्वांप्रमाणें ३० टक्केच होतात. तेथें अपील करून कालहरण करण्यांत अर्थ नाहीं.

परंतु बौद्धिक व मानसिक व्यंगाच्या मोजमापांत यंत्र नसतें. तेथें प्रश्न विचारले जातात, आणि उत्तरें बहुधा घरचीं माणसें देतात. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीं बुद्धिमापनाबरोबर व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता-श्रेणी वापरतात. तिचें भारतीय रूप नागपुरांत तयार झालें. मूल स्वतः जेवतें काय, बटणें लावतें काय, एकटें दुकानापर्यंत जाऊन येतें काय, असे प्रश्न आईला विचारावयाचे व त्यांवरून अंक काढावयाचा, अशी तिची पद्धत. २०१८ च्या तत्त्वांप्रमाणें हा अंक ५५ ते ६९ आला तर ५० टक्के दिव्यांगत्व, आणि ७० ते ८४ आला तर २५ टक्के. म्हणजे आईनें अभिमानानें दिलेलें एखादें दुसरें ‘हो, येतें कीं त्याला’ हें उत्तर अंकाला ६९ वरून ७० वर नेऊं शकतें, आणि दाखला निम्म्यावर येतो!

मानसिक आजारासाठीं जी श्रेणी वापरतात तिच्यांत स्वतःची निगा, माणसांशीं वागणूक, बोलणें व समजणें, आणि काम या चार गोष्टींना शून्यापासून चारपर्यंत अंक देतात, व आजार किती वर्षें आहे तेंहि मिळवितात. येथेंहि रोग्याइतकीच सोबत आलेल्या माणसाची हकीकत महत्त्वाची ठरते.

माया साक्षीच्या आड कशी येते

एकत्र कुटुंबाचा गुण असा कीं, दुबळ्या माणसाचें उणें चार हातांनीं भरून निघतें. मोठ्या वहिनी काकांच्या ताटांतील पोळी आधींच कुसकरून ठेवतात. पुतण्या रोज सकाळीं त्यांना आंघोळीच्या पाटापर्यंत धरून नेतो. सदऱ्याच्या गुंड्या लावावयाला कोणी तरी असतेंच. हें इतकें अंगवळणीं पडतें कीं, तें साहाय्य आहे हेंच कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. मग मंडळापुढें प्रश्न येतो: ‘यांचें यांना जेवतां येतें ना?’ आणि सगळे एकमुखानें उत्तर देतात: ‘हो, हो, जेवतात कीं.’ उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. कुसकरलेली पोळी त्यांत सांगितली गेली नाहीं.

याच्या जोडीला आपला शिष्टाचार आहे. ‘कसें काय?’ या प्रश्नाला ‘बरें आहे’ हेंच उत्तर द्यावयाचें, अशी आपली शिकवण. तपासणीच्या दिवशीं काकांना धुतलेलें धोतर नेसवून, दाढी करून, मोटारींतून दारापर्यंत नेतात. तेहि उसनें अवसान आणून ताठ बसतात, कारण परक्या तरुण डॉक्टरापुढें दुबळेपणा दाखविणें त्यांना प्रशस्त वाटत नाहीं. घरांत लग्नाची मुलगी असली म्हणजे मनाचा आजार तर बोलूंच नये असें ठरतें. डॉक्टरांना जें दहा मिनिटांत दिसतें व ऐकूं येतें, तेंच ते लिहितात. दोष त्यांना देणें न्याय्य होणार नाहीं.

येथें इंग्लंड व वेल्समधील पद्धतीकडे पाहणें उद्बोधक आहे. तेथें २०१३ पासून कामकरी वयाच्या दिव्यांगांना जो भत्ता मिळतो, तो अवयवाच्या टक्क्यांवर ठरत नाहीं. स्वयंपाक, जेवण, स्नान, कपडे, औषध, चालणें अशा नित्याच्या कामांना अंक असतात. एखादें काम करतां येतें असें केव्हां म्हणावें, हें नियमानेंच सांगितलें आहे: तें सुरक्षितपणें, पुरेशा चांगल्या रीतीनें, लागेल तितक्या वेळां, आणि वाजवी अवधींत करतां आलें पाहिजे. निर्णय अमान्य असल्यास एका महिन्यांत फेरविचार मागावयाचा. तोहि अमान्य झाला तर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढें जावयाचें. त्यांत न्यायाधीशाबरोबर एक डॉक्टर व दिव्यांगांच्या जीवनाचा अनुभव असलेला एक सभासद बसतो. न्यायाधिकरणापुढें सुनावणी झालेल्या प्रकरणांपैकीं निम्म्याहून अधिक प्रकरणांत गेलीं अनेक वर्षें निर्णय अर्जदाराच्या बाजूनें लागत आला आहे. याचें एक कारण उघड आहे: तेथें प्रथमच कोणी तरी सावकाश बसून, रोजचा दिवस कसा जातो, हें ऐकून घेतें. ते नियम आपल्याकडे लागू नाहींत. पण ते चार प्रश्न मात्र आपण अवश्य उसने घ्यावे.

अपिलाची तयारी

पहिली गोष्ट, मुदत. अपिलाची मुदत व रीत ठरविण्याचें काम कायद्यानें राज्यांवर सोंपविलें आहे. म्हणून दाखला हातीं पडतांच, अपील कोणाकडे व किती दिवसांत करावयाचें, हें जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयांत लेखी विचारावें, आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोंच घ्यावी. तोंडी चौकशी पुढें सिद्ध करतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट, कारणें. दाखला साफ नाकारला असेल तर त्याचीं कारणें लेखी कळविण्यासाठीं नियमांना एक ठराविक नमुना जोडलेला आहे. निर्णयाच्या फेरविचाराची मागणी कोणाकडे करावी, हेंहि त्यांत भरावयाचें असतें. तो कागद मिळाला नसेल तर मागून घ्यावा. दाखला मिळाला पण टक्के कमी पडले, तर मंडळानें कोणत्या तपासण्या केल्या व प्रत्येक व्यंगाला किती टक्के धरले, याची प्रत मागावी. सरकारी रुग्णालयाकडून ती माहितीच्या अधिकारांतहि मागतां येते.

तिसरी गोष्ट, मुद्दा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यानें भागत नाहीं. अमुक व्यंग पाहिलेंच गेलें नाहीं. एकत्रित हिशेब केला नाहीं. तपासणी जुन्या तत्त्वांप्रमाणें झाली. आजार कमीजास्त होणारा असून तपासणी बऱ्या दिवशीं झाली. असा एकच, पण नेमका मुद्दा धरावा. शब्द थोडे असावे व प्रत्येक वाक्यामागें कागद असावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, घरची रोजनिशी. तीन-चार आठवडे एका वहींत रोज लिहावें. काका उठले केव्हां, कोणी उठविलें, आंघोळीला किती वेळ लागला, कोठें तोल गेला, जेवतांना काय सांडलें, औषधाची आठवण कोणी दिली. बरा दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहावे. जें काम दुसऱ्यानें केलें तें कोणी केलें हें नांवानिशीं लिहावें, म्हणजे अदृश्य झालेलें साहाय्य पुन्हां दिसूं लागतें. ‘जेवतां येतें’ असें न लिहितां, ‘पोळी कुसकरून दिल्यास डाव्या हातानें चाळीस मिनिटांत जेवतात, आमटी पाजावी लागते’ असें लिहावें. ही वही मूळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी व त्यांच्याकडून तिला धरून पत्र घ्यावें. आणि मंडळापुढें जातांना घरांतील सर्वांत वडील माणसाला नेण्यापेक्षां, जी व्यक्ति प्रत्यक्ष सेवा करते तिला न्यावें. पुष्कळदां ती घरची सून असते, आणि तिला बोलण्याची संधि कोणी देत नाहीं!

दुसरीं दारें

कांहीं वेळां टक्क्यांशीं भांडत बसण्यापेक्षां दुसरें दार ठोठावणें योग्य असतें. मोटार-अपघाताची भरपाई ठरवितांना अवयवाचे टक्के आणि कमाईची हानि एक मानूं नये, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट केलें आहे. सरकारी नोकराच्या दिव्यांग अपत्याला आईबापांमागें जें कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें, त्यांतील मुख्य प्रश्न उपजीविका करतां येते कीं नाहीं, हा असतो. परीक्षेंत लेखनिक मिळावा म्हणून ४० टक्क्यांचा दाखला असलाच पाहिजे असें नाहीं, असा निकाल त्याच न्यायालयानें २०२१ सालीं, लिहितांना हात आंखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणांत दिला.

शिक्षणाच्या बाबतींत २०२४ सालचा निकाल विशेष मननीय आहे. महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याचें वाणीचें व्यंग चाळीस टक्क्यांहून थोडें अधिक ठरलें. राखीव जागेसाठीं ४० टक्के हवे, आणि नियमांप्रमाणें वाणीचें व्यंग ४० टक्के झालें कीं वैद्यकीय शिक्षणास अपात्र. अशा दुहेरी कात्रींत तो सांपडला. सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून त्याची तपासणी करविली. हा विद्यार्थी शिक्षण पुरें करूं शकेल, असें त्या मंडळानें कळविलें, व त्याला प्रवेश मिळाला. केवळ आंकड्यावरून कोणाला अपात्र ठरवूं नये. तो शिकूं शकतो काय, हें पाहून मंडळानें मत द्यावें, आणि तें प्रतिकूल असल्यास कारणें द्यावीं, असें न्यायालयानें सांगितलें. प्रतिकूल मताविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येते, हेंहि त्यांत स्पष्ट झालें.

मर्यादा

ही बाजू मांडतांना दुसरीहि सांगितली पाहिजे. फेरतपासणींत आंकडा वाढेलच असें नाहीं. तो तसाच राहील किंवा खालींहि येईल. खोटेपणानें सवलत घेणाराला कायद्यांत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि असा खोटा दाखला खऱ्या दिव्यांगाची जागा हिरावून घेतो. म्हणून वहींत एक अक्षरहि फुगवून लिहूं नये. पण जें आहे तें लपविणें हाहि सत्याचा अपलापच आहे, आणि त्याचें मोल घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावें लागतें.

आपण त्या माणसाची सेवा मनोभावें करतों, यांत शंका नाहीं. परंतु करणारे हात आज आहेत ते वीस वर्षांनीं असतीलच असें नाहीं. वहिनी थकतील, पुतण्या नोकरीसाठीं परगांवीं जाईल. त्या दिवशीं उपयोगी पडेल तो कायद्यानें मान्य केलेला हक्क. तेव्हां ज्या घरांत असा दाखला पडून असेल, त्यांनीं तो एकदां काढून नीट वाचावा. त्यावर कोणतीं व्यंगें लिहिलीं आहेत, कोणतीं राहिलीं आहेत, मुदत तात्पुरती आहे कीं कायमची, हें पहावें. आणि चूक दिसली तर, मुलाच्या दोन गुणांसाठीं जसा अर्ज करतों तसाच, संकोच न धरितां तोहि अर्ज करावा.